फळीवरचं गाव

लिंडन मेडोज वृद्धाश्रमात राहायला येणाऱ्या म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी गळ्यात घालायला एक बटण देतात. पडलात की दाबायचं. पडू नये म्हणून नियमांची पुस्तिका देतात. शिवाय दाराबाहेर भिंतीवर त्याच्या नावाची एक हातभर फळी असते. तिच्यावर आपली 'वैयक्तिक स्मृतिचिन्हं' ठेवायची, म्हणजे जेवून परतताना आपली खोली कुठली ते आपलं आपल्याला कळतं. माझ्या फळीवर रंगाचा रिकामा डबा होता, कारण मी जन्मभर रंग विकले. समोरच्या लेस्टर राउखच्या फळीवर गाईचा फोटो होता. बायकोचा का नाही, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बायकोला मी विसरणार नाही, आणि विसरलो तरी ती आठवण करून देते. गाईचं तसं नाही."

ऑर्फा किस्टलर सप्टेंबरात आली. कपड्यांची एक पेटी आणि खोक्यांचा ढीग. खोक्यांत काय आहे ते विचारायला तिच्या दारात बरेच जण जमले, कारण आमच्याकडे सप्टेंबरात दुसरं काही घडत नाही.

"गाव आहे," ती म्हणाली. "पायाखाली बघून चाला."

आमच्या भागात नाताळच्या झाडापेक्षा झाडाखालच्या जागेला मान जास्त. तिथे रानातलं शेवाळ पसरून, आरशाचं तळं करून पुठ्ठ्याच्या घरांचं गाव मांडतात, त्याला पुट्झ म्हणतात. मग लोक घरोघर जातात, दार ठोठावतात आणि विचारतात, "पुट्झ मांडलाय का?" असं विचारणाऱ्याला परत पाठवायचं नाही. आत घ्यायचं, गाव दाखवायचं, बिस्किट हातात दिल्याशिवाय सोडायचं नाही, आणि गाव बघताना दुसरा विषय काढायचा नाही. माझे दोन काका कुंपणावरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते. दर नाताळात ते एकमेकांचा पुट्झ बघून, बिस्किटं खाऊन, तोंडभर कौतुक करून घरी जात आणि पुन्हा वकिलाला फोन करत.

ऑर्फाची घरं जपानी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथल्या कुणीतरी पुठ्ठा कापून, दुमडून, वर वाळू आणि अभ्रकाची चुरी शिंपडून केलेली. खिडक्यांना लाल-पिवळा पारदर्शक कागद, दिवा घालायला मागे बोटाएवढं भोक, अंगणात वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीला हिरवा रंग देऊन केलेली झाडं. तिच्या आईने ती पाच-दहा सेंटांच्या दुकानातून आणली होती. युद्ध लागलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आपापल्या घरांच्या तळावरचा 'मेड इन जपान' शिक्का खिळ्याने खरवडून काढला, काहींनी घरंच चुलीत घातली. ऑर्फाच्या आईने त्या वर्षी गाव खिडकीशी मांडलं, रस्त्यावरून दिसेल असं. शेजारीण बोलायला आली तर तिला म्हणाली, "ही घरं कुठे लढायला गेलीत?" आणि बिस्किट दिलं.

पुढे ऑर्फाने आयुष्यभर मोडकी घरं गोळा केली. जुन्या बाजारातून, मेलेल्या माणसांच्या माळ्यांवरून, एकदा तर कचऱ्याच्या गाडीमागे धावून. छप्पर नसलेली, उंदरांनी कुरतडलेली, पाण्याने फुगलेली. पावाच्या मऊ गाभ्याने ती काजळी टिपायची. मक्याच्या पोह्यांच्या खोक्यातून छप्पर कापायची. चॉकलेटांचे रंगीत कागद इस्त्री करून ठेवायची, खिडक्यांसाठी. कणकेची खळ मात्र कधी वापरायची नाही. "खळ लावली की उंदराला आमंत्रण दिल्यासारखं," ती म्हणे. आणि ती कुणाला हात लावू देत नसे. मुलालासुद्धा नाही. मुलगा ॲरिझोनात गेला त्यामागे हेच कारण असावं, असं लेस्टरचं मत होतं.

नोव्हेंबरात ती व्यवस्थापकांकडे गेली. मीही सोबत गेलो. ती चालायची काठी वापरते आणि मला बघायला आवडतं. ब्रॅडली कोट्स परराज्यातून, ओहायोहून आलेला, पस्तिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. वाईट बातमी देताना तो जास्त हसायचा, त्यामुळे आम्हाला आधीच अंदाज यायचा.

"दिवाणखान्यातल्या झाडाखाली मला जागा हवी," ऑर्फा म्हणाली.

कोट्स हसला. "मिसेस किस्टलर, झाडाचं काम यंदा बाहेरच्या लोकांना दिलंय. चंदेरी आणि जांभळं असणार आहे. आणि जमिनीवर काही ठेवता येत नाही. कुणी अडखळलं तर?"

"झाडाखालून कोण चालतं?"

"नियम सगळ्या जमिनीला आहे." तो आणखी हसला. "आणि ती खोकी. कोठीची खोली आता चाकाच्या खुर्च्यांना लागणार. ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारपर्यंत, म्हणजे महिनाअखेरीपर्यंत, मुलाकडे पाठवा. नाहीतर आम्ही आदरपूर्वक विल्हेवाट लावू."

"म्हणजे कचऱ्यात."

"आदरपूर्वक," कोट्स म्हणाला.

मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, फोटो काढून ठेव ना. फोटोला जागा लागत नाही." ऑर्फाने फोन ठेवला आणि नियमांची पुस्तिका मागितली. लिंडन मेडोजच्या इतिहासात ती कुणी मागून घेतल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या फळीवर एक घर आलं. निळ्या छपराचं, कुंपणाला दोन काड्या कमी. मग ती माझ्या दारात आली.

"हार्लन, तुझा डबा खाली घे."

"का गं?"

"फळीवर हातभर जागा असते. एक घर मावतं. ह्या कॉरिडॉरला दोन्ही बाजूंनी दारं आहेत. आता तूच सांग, रस्ता आणखी कसा असतो?"

मी डबा खाली घेतला. लेस्टरने गाय थोडी सरकवली, म्हणाला, गाव असेल तर गाय लागणारच. आठवडाभरात कॉरिडॉरची डावी बाजू वसली. लोक मुद्दाम लांबच्या वाटेने जेवायला जाऊ लागले. पाय दुखतात म्हणून खोलीतच सूप मागवणारे दोघेजण चालत आले.

मग कोट्स आला. एकेका फळीसमोर थांबत, हसत.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "पण नियम वाचा. 'रहिवाशाच्या मालकीची वैयक्तिक स्मृतिचिन्हं.' ही घरं मिसेस किस्टलरची आहेत. म्हणजे एक घर त्यांच्या फळीवर राहू शकतं. बाकीची रविवारच्या आत जायला हवीत."

तो गेला. ऑर्फा तिच्या दारातल्या खुर्चीत बसून राहिली. मला वाटलं, हरली. तिच्या हातात चिमटा होता आणि ती तो नुसता उघडत-मिटत होती. गाव वाचवायचं तर ते तिचं असून चालणार नव्हतं, हे तिला कळलं होतं. आम्हालाही कळलं होतं, पण तोंडावर कोण सांगणार? चाळीसेक घरं. एकेकासाठी तिने कुणाकुणाच्या अंत्यविधीला हजेरी लावली होती, माळा बघायला मिळावा म्हणून.

जेवणाच्या वेळी ती उभी राहिली आणि काठीने टेबल ठोकलं.

"ज्याला घर हवंय त्यानं उद्या पत्ते खेळायच्या खोलीत यावं. घर कायमचं देणार. पण मोडकं देणार, तसं धड एकही नाही, आणि ज्याचं त्यानंच दुरुस्त करायचं. ज्यानं दुरुस्त केलं त्याचंच ते झालं, मग ओहायोचा बापसुद्धा नाही म्हणू शकणार नाही."

"दिलं म्हणजे दिलं?" लेस्टरने विचारलं.

"दिलं म्हणजे दिलं."

"उद्या मी त्यात चिमण्यांना दाणे घातले तर?"

"तर मी तुझं तोंड बघणार नाही," ऑर्फा म्हणाली. "पण घर तुझं."

दुसऱ्या दिवसापासून पत्त्यांची खोली म्हणजे इस्पितळ झालं. फरक एवढाच की रोग्यांपेक्षा डॉक्टरांची प्रकृती नाजूक होती. लेस्टरचे हात फावड्यासारखे. त्याने छपराला गोंद लावला तो छपराला कमी आणि भुवईला जास्त. मला रंग जुळवायचं काम आलं. नवा पिवळा कुणीही देईल, पण सत्तर वर्षं माळ्यावर पडलेला पिवळा करायला चहाचं पाणी लागतं आणि थोडा पश्चात्ताप. कुणी खिडकी उलटी बसवली, कुणी धुरांड्याच्या जागी बाटलीचं बूच लावलं. ऑर्फा टेबलाभोवती फिरत होती. हात मागे, काठी काखेत. तोंडाने फक्त "अं" असा आवाज. खोलीत दिवसभर तो आवाज चालू होता, जुना फ्रिज असावा तसा.

"काय बोलायचं असेल ते बोल ना," मी म्हटलं.

"मी काय बोलणार? घर तुझं आहे," ती म्हणाली आणि माझ्या छपराकडे पाठ फिरवून उभी राहिली.

सगळ्यात शेवटी तिच्या आईचं चर्च राहिलं. मूळचं पांढरं, आता काजळलेलं, मनोऱ्याचं, युद्धात खिडकीशी मांडलेलं तेच. ते स्वतःच्या फळीवर ठेवायची तिला मुभा होती. पण नेओमी फेन्स्टरमाखरला काही मिळालं नव्हतं, आणि तिचं दार कॉरिडॉरच्या टोकाला, जिथे गावात चर्च असायला हवं नेमकं तिथे. ऑर्फाने चर्च तिच्या हातात ठेवलं. "सगळ्यात स्वच्छ हात तुझे," म्हणाली.

हाच घोटाळा झाला. नेओमी जन्मभर दर शनिवारी घराच्या पायऱ्या घासायची, बर्फ पडत असला तरी, बर्फ बाजूला करून. शेजारणीच्या पायऱ्या मळक्या दिसल्या तर त्याही. तिच्या दृष्टीने जगातल्या कुठल्याही दुरुस्तीची पहिली पायरी एकच होती.

मला हाका ऐकू आल्या तेव्हा ऑर्फा आधीच नेओमीच्या न्हाणीघराच्या दारात पोहोचली होती. बेसिनमध्ये खिमट होतं. खिमटातून मनोरा वर आला होता.

"अगं, सत्तर वर्षांची काजळी होती त्याच्यावर!" नेओमी म्हणाली.

ऑर्फाने विचारलं, "साबण लावलास?"

"थोडासा."

"कुठला?"

"भांड्यांचा. अंगाचा कशाला लावेन?"

ऑर्फा टबाच्या कडेवर बसली. तिचं तोंड असं झालं होतं की मी गळ्यातल्या बटणाकडे हात नेला.

"माझ्या आईचं होतं ते," ती म्हणाली.

"होतं," नेओमी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. "आता माझं आहे. सगळ्यांच्या देखत दिलंस. आणि मी ते दुरुस्त करणार आहे. तू आधी तिथून ऊठ, मला ट्रे ठेवायला जागा हवी."

कोट्सला आत्ता नुसतं बोलावलं असतं तरी पुरलं असतं. ऑर्फा त्याच्यासमोर म्हणाली असती, सगळं परत करा, तर घरं तिचीच ठरली असती आणि सगळं संपलं असतं.

ऑर्फा उठली. "नुसता ट्रे पुरणार नाही," ती म्हणाली. "कपड्यांचे चिमटे आण. असतील तेवढे."

त्या दोघींनी खिमटाचे पदर सोडवले, ओव्हनच्या ट्रेवर पसरले, खोली तापवणाऱ्या नळ्यांशेजारी वाळवले. भिंतींची मापं काढून नवा पुठ्ठा कापला. मनोरा डावीकडे झुकला, बर्फ दात घासायच्या पेस्टसारखा पांढरा झाला. ते आईचं चर्च राहिलं नाही. ऑर्फा तसं म्हणालीही नाही. नेओमीने ते फळीवर ठेवलं, तेव्हा ती लांबून बघत राहिली आणि मग म्हणाली, "दार छान बसलंय." मी तिच्या तोंडून ऐकलेली तेवढीच स्तुती.

शनिवारी कोट्स हातात कागद घेऊन कॉरिडॉरमध्ये शिरला. नोटीस प्रत्येकाला वाचून दाखवायची असा त्याचा बेत होता. त्याने लेस्टरचं दार ठोठावलं. बिचारा ओहायोचा. त्याला काय ठाऊक, आमच्याकडे ह्या दिवसांत दार ठोठावण्याचा अर्थ काय होतो.

"पुट्झ बघायला आलात!" लेस्टर म्हणाला.

"नाही, मिस्टर राउख, मी सांगायला आलो की ही मांडणी—"

"या, या. हे बघा, छप्पर मी बसवलं. भुवई गेली, पण छप्पर बसलं. ही गाय. आता बिस्किट घ्या."

लेस्टरकडून सुटला तो काकवीच्या केकच्या तावडीत सापडला. पुढच्या दाराशी सँडटार्ट बिस्किटं, कागदासारखी पातळ. एक खाऊन भागत नाही, कारण एक खाल्ल्याचं कळतच नाही. पाचव्या दारापासून त्याने न ठोठावता बाहेरूनच बोलून पाहिलं. त्याने एकाऐवजी चार जण बाहेर आले. माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे दोन्ही खिसे भरले होते आणि नोटिशीला लोणी लागलं होतं.

"हा पिवळा बघा," मी म्हणालो.

"हार्लन, मला दोन वाक्यं बोलू द्या."

"गाव बघताना दुसरं बोलत नाहीत."

"मी गाव बघत नाहीये!"

"मग बघा की."

त्याने बघितलं. माणूस वाईट नव्हता. "ही घरं कुणाची आहेत?" त्याने विचारलं.

"हे माझं. मी केलंय. लेस्टरला विचारा, त्याचं त्याचं आहे. नेओमीला विचारू नका, धुऊन काढेल."

शेवटी तो ऑर्फाच्या दाराशी पोहोचला. तिची फळी रिकामी होती. निळ्या छपराचं घरही तिने कुणाला तरी देऊन टाकलं होतं. कोट्सला बरं वाटलं.

"तुम्ही तरी नियम पाळलात, मिसेस किस्टलर."

"माझ्याकडे काही उरलंच नाही, बाळा. पाळायला काय जातं?"

"हे सगळं तुम्हीच घडवून आणलंत."

"मी? ह्या गावात माझी एक खिडकीसुद्धा नाही. कुणालाही विचार." तिने काठी दोन्ही हातांनी धरली. "तू म्हणालास, माझ्या मालकीचं नको. मी मालकी सोडली. आता मला सांग, आणखी काय सोडू?"

कोट्स हसला नाही. मी त्याला हसू नसलेला पहिल्यांदाच बघत होतो, आणि तो जरा देखणा दिसत होता.

"सोमवारी फळ्या काढतोय," तो म्हणाला. "भिंती रंगवायच्या आहेत."

मी त्याला सांगितलं की खिडक्या बंद असताना डिसेंबरात भिंत रंगवली तर वास ईस्टरपर्यंत जात नाही. त्याने आभार मानले.

सोमवारी सुतार आला. आमच्याच चर्चमधला. एकेक फळी काढताना "माफ करा हं" म्हणत होता, फळीला की आम्हाला ते कळलं नाही. प्रत्येकाने आपापलं घर हातात घेतलं. जमिनीवर ठेवायची सोय नव्हती, नियम सगळ्या जमिनीला होता. आणि दुपारी गावातल्या चर्चची बस येणार होती, पुट्झ बघायला. ते आमंत्रण कुणी दिलं होतं, हे मी सांगणार नाही.

"आत जाऊ नका," ऑर्फा म्हणाली. "दारात खुर्च्या घ्या. मांडीवर धरा."

आम्ही खुर्च्या घेतल्या. चाकाच्या खुर्चीवाले सगळ्यात आधी तयार झाले, त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच जरा गर्व दिसला. वीज गेली तर वापरायला प्रत्येकाला एक विजेरी दिलेली असते. नेओमीने तिची काढली आणि चर्चच्या मागच्या भोकाला लावली. चर्चच्या खिडक्या लाल झाल्या. मग एकेक करत दोन्ही बाजूंच्या खिडक्या पेटत गेल्या, लाल, पिवळ्या, आणि लेस्टरची एक हिरवी, जी असायला नको होती.

बसमधले लोक आत आले, डोक्यावर बर्फ घेऊन. पुढच्या बाईंनी विचारलं, "पुट्झ मांडलाय का?"

"मांडलाय," साऱ्या कॉरिडॉरने सांगितलं.

कोट्स मधोमध उभा होता. त्याने पुस्तिका उघडली, पुढून मागे गेला, मागून पुढे आला. जमिनीबद्दल होतं, भिंतीबद्दल होतं, फळीबद्दल होतं, पाळीव माशांबद्दलसुद्धा होतं. मांडीबद्दल काही नव्हतं.

"असं किती वेळ बसणार?" त्याने विचारलं.

"एपिफनीपर्यंत, सहा जानेवारीपर्यंत," लेस्टर म्हणाला. "जेवायला पाळीपाळीने जाऊ."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आम्ही कमी असू," नेओमी म्हणाली. "म्हणजे उरलेल्यांना दोन-दोन धरावी लागतील."

लोक वाकून वाकून बघत होते. कोट्सला कुणी ओलांडून जाईना, कुणी बाजूला हो म्हणेना. तो स्वतःच भिंतीला टेकला.

ऑर्फा काठी टेकत गावातून निघाली. तिच्या हातात काही नव्हतं. प्रत्येक दारापाशी थांबत होती, "पुट्झ मांडलाय का?" असं रीतसर विचारत होती, बिस्किट घेत होती आणि मालकाला त्याच्या चुका सांगत होती. माझ्यापाशी आली.

"छप्पर तिरकं आहे."

"छप्पर नाही, मी तिरका आहे. हात थरथरतोय गं."

"थरथरू दे," ती म्हणाली. "भूकंप आला असं समजतील. पण खाली ठेवलंस, तर बघ."

मी घट्ट धरलं.